फॅटची रेषा

मार्गदर्शक म्हणाले, दूध डेअरीवाल्यांचं,
यंत्र इंजिनिअरांचं,
मग समाजशास्त्राचं तिथं काय काम?
मी म्हणाले, रेषा कोण वाचतं ते बघायचंय.
त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला.
एवढ्यावर माझी नोंदणी झाली.

रंकाळा स्टँडवरून पहाटेची पहिली एसटी.
भोगावतीकाठचं गाव, दूध संस्थेची खोली,
एक ट्यूब, एक फळा, किटल्यांची रांग.
काचेच्या नळीत आधी अ‍ॅसिड, मग दूध;
नळी हाताला पोळायची.
सेक्रेटरी दिनकरअण्णा चाक गरगर फिरवून
नळी उजेडाकडं धरायचे.
पिवळी रेषा.
साडेसहा, म्हणायचे. किंवा सहा.
नळी जरा वर, डोळा जरा खाली,
आणि दोन पॉइंट कुणाच्या तरी घरातून निघून जायचे.

माझी वही:
अक्काताई चौगले, एक म्हैस, सहा दोन.
चेअरमनची भावजय, नऊ म्हशी, सात.
पण अक्काताईचा नवरा दवाखान्यात होता
त्या आठवड्यात तिलाही सात.
मी लबाडी लिहिलं नाही, दयाही लिहिलं नाही.
मनगट, असं लिहिलं.
अण्णा माझं छापलेलं सगळं मागून घ्यायचे,
बोट ठेवून वाचायचे, आणि काही बोलायचे नाहीत.

मग यंत्र आलं.
खंडेनवमीला त्याला झेंडू, हळदकुंकू.
लाल आकडे उमटायचे अण्णांच्या बाजूला;
बायकांच्या बाजूला त्याची पाठ,
एक वायर, चार स्क्रू.
अक्काताई म्हणाली,
"आदी अण्णाच्या तोंडाकडं बघून कळायचं, बाई.
ह्येच्या पाठीकडं बघून मी काय वळखू?"
या वाक्यावर मी डॉक्टर झाले.

उद्यमनगरात बाबालाल मुल्लाणी
अशी यंत्रं दुरुस्त करायचे. झाकण उघडून म्हणाले,
"ह्याला सकाळी जे दूध चाटवशीला
दिवसभर त्येच खरं मानतंय."
परदेशातल्या परिषदेत मी हे सांगितलं
तेव्हा लोकांनी भराभर टिपून घेतलं.
मुल्लाणींचं नाव तळटीपेत गेलं,
तेही एका अक्षरानं चुकलेलं.
अजून टोचतं.

लेक्चरर, रीडर, प्रोफेसर.
दर मुलाखतीत एकच प्रश्न: याचा उपयोग काय?
दर वेळी वेगळं उत्तर दिलं,
एकही खरं नव्हतं.
निरोपाला शाल, नारळ, फेटा घालायचा की नाही यावर
मागं थोडी कुजबुज, मग फेटाही.
एका पोरानं विचारलं,
मॅडम, तुमचं सगळ्यात मोठं संशोधन कुठलं?
मी पुस्तकाचं नाव सांगितलं.

आता सांगते.
अण्णा गेले, ती खोली पाडली,
नव्या यंत्राचा आकडा दोन्हीकडून दिसतो.

यंत्र आलं त्याच्या दुसऱ्या वर्षी
अण्णांच्या मागच्या भिंतीवर, कॅलेंडरशेजारी
एक दाढीचा आरसा आला.
अक्काताईनंच दिलेला: "टोपी नीट कराय ऱ्हाऊ दे, अण्णा."
बायका किटली ओतायच्या
आणि देवाला बघावं तशा मान वर करायच्या.
तीन महिने मला काही कळलं नाही.
तीन महिने! निरीक्षण हा माझा पेशा.

शेवटी एसटीच्या थांब्यावर तीच म्हणाली,
"उलटीकडनं वाचायचं.
आरशातलं पाच म्हंजे दोन,
दोन म्हंजे पाच.
बाकीचं येतंय वळखाय.
शाळंत गेलो न्हाई मी, पन ह्ये शिकलो."

वही मांडीवर उघडी होती,
पेनाचं टोपण काढलेलं.
एसटी आली.
मी टोपण लावलं.

त्यानंतर अकरा निबंध, दोन पुस्तकं.
सूचीत शोधून बघा:
आरसा कुठंही नाही.